छात्राध्यापकांचं ई-साहित्य : आंतरवासितेतल्या प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४, सोमवार

आजपासून मी शिकवते त्या बी.एड. दुसऱ्या वर्षाच्या गटाचा ई-साहित्य प्रकल्प सुरू झाला. आंतरवासितेत, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावकाळात, प्रत्येकाने आपल्या अध्यापन पद्धतीतला, म्हणजे शिकवायच्या विषयातला, एक घटक निवडायचा, त्यासाठी डिजिटल साहित्य तयार करायचं आणि ते सराव शाळेतल्या वर्गात प्रत्यक्ष वापरायचं. शेवटची अट नवी आहे. एरवी पेन ड्राइव्ह जमा झाला, प्रिंट फाईलला लागली, सही झाली की काम पूर्ण धरलं जातं. त्यातलं किती साहित्य एखाद्या मुलाच्या नजरेला पडलं, याची नोंद कुठेच राहत नाही. हे बदलायला हवं असं फार दिवस वाटत होतं, म्हणून या वेळी तारीखवार लिहून ठेवते आहे.

सुरुवातीला प्रत्येकाला एका चिठ्ठीवर आपली सगळ्यांत मोठी अडचण लिहायला सांगितली. लॅपटॉप नाही. मराठी टायपिंग येत नाही. व्हिडिओ एडिटिंग जमत नाही. गावात रेंज नाही. स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायची लाज वाटते. सगळ्या अडचणी खऱ्या आहेत. पण ‘अमुक संकल्पना पडद्यावर कशी दाखवू ते कळत नाही’ असं कुणीही लिहिलेलं नाही. गेल्या वर्षी सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे छोट्या गटासमोरच्या काही मिनिटांच्या सराव पाठांत, हीच मंडळी एकेका प्रश्नाच्या शब्दरचनेवर वाद घालत होती. हातात ॲप आलं की पाठ मागे पडतो. या प्रकल्पात लक्ष ठेवायचं आहे ते इथेच.

५ डिसेंबर, गुरुवार

दोन्ही तास टंकलेखनात गेले, आणि ते जायलाच हवे होते.

मराठी पद्धतीच्या एका छात्राध्यापकाने पाठाचा मजकूर गावातल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणला होता. प्रिंट देखणी होती. तीच फाईल आमच्या संगणक कक्षात उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि विरामचिन्हांची रांग. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागेवर देवनागरी आकार बसवलेला असतो. समोरच्या संगणकात तो फॉन्ट नसेल, तर खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे मजकूर फोनवर, टीव्हीवर, कुठेही मराठीच राहतो. छपाईला जुने फॉन्ट चालत असतील. मुलांसमोर जाणाऱ्या फाईलला नकोत. हा या प्रकल्पाचा पहिला नियम.

मग टाइप करायचं कसं? फोनवर ‘पाणी’ इंग्रजी अक्षरांत लिहून मराठीत मिळवायची सवय जवळजवळ सगळ्यांना आहे. व्हॉट्सॲपला ते पुरतं. पानभर मजकुरात मात्र ऱ्हस्व-दीर्घ यंत्राच्या मर्जीवर जातात आणि शिक्षकाच्या स्लाइडवरची चूक मुलांच्या वहीत उतरते. म्हणून इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्ड मांडणी घेतली: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि विंडोजमध्ये ही मांडणी आधीपासूनच असते, फक्त चालू करावी लागते. ‘दुसऱ्या’ लिहिताना सगळे अडले. शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. हे सापडल्यावर एकीने ताऱ्यांचा, वाऱ्याचा, किनाऱ्याला असे शब्द भराभर लिहून शेजारणीला दाखवले. वेग यायला वेळ लागेल, पण भीती आजच गेली.

फोनवरच्या काही व्हिडिओ ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात, ही तक्रारही आली. ‘विद्यार्थी’ मधला द् एकीकडे, या दुसरीकडे, रफार भलत्याच अक्षरावर. त्या ॲपला देवनागरीची अक्षरजोडणी नीट येत नाही, एवढंच त्याचं कारण आहे. पण मुलं-मुली ‘मला जमत नाही’ म्हणून गप्प बसतात. सध्याचा मार्ग असा: मजकूर स्लाइडवर लिहायचा, ती स्लाइड चित्र म्हणून जतन करायची आणि चित्र व्हिडिओत घ्यायचं.

फॉन्ट निवडताना ल आणि श यांची वळणं बघायला सांगितली. मराठी वर्णलेखनाबाबतच्या २००९ च्या शासन निर्णयातली वळणं पाठ्यपुस्तकात असतात, आणि अनेक फॉन्ट हिंदी वळणं दाखवतात. पाचवीच्या मुलाला पुस्तकात एक आणि पडद्यावर दुसरं दिसू नये.

१० डिसेंबर, मंगळवार

भूगोलाच्या छात्राध्यापकाने महाराष्ट्राच्या प्रशासकीय विभागांवर सादरीकरण केलं. रंग चांगले, क्रम चांगला. नकाशा मोठा करायला सांगितला आणि जिल्हे मोजायला लावले. पस्तीस भरले. पालघर नव्हता.

पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला आणि राज्याचे जिल्हे ३६ झाले. त्या आधीचे नकाशे अजून शोधात सगळ्यांत वर येतात, कारण ते जुने आहेत आणि ठिकठिकाणी वापरले गेले आहेत. आमची सराव शाळा त्र्यंबकच्या बाजूची. तिथल्या काही मुलांचे मामा-मावशी जव्हार-मोखाड्याला राहतात. मामाचा जिल्हाच नकाशावर नसेल, तर ते मूल कोणावर विश्वास ठेवणार? छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावंही त्या नकाशात जुनीच होती.

तिथूनच भारताच्या नकाशाकडे वळलो. गटातल्या दोन सादरीकरणांत जम्मू-काश्मीरची सीमा कापलेला नकाशा निघाला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१ च्या फौजदारी सुधारणा कायद्याने गुन्हा आहे, हे बहुतेकांना माहीत नव्हतं. सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून नकाशे उतरवून घेता येतात. आजपासून नकाशा तिथलाच किंवा पाठ्यपुस्तकातलाच.

‘हे चित्र कुठून घेतलं?’ या प्रश्नाला सगळ्यांचं एकच उत्तर असतं: गूगलवरून. गूगल ही शोधायची जागा आहे, चित्र कुणीतरी काढलेलं असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाला काही सवलत आहे, पण वर्गात दाखवणं आणि यूट्यूबवर चढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने फळ्यावर मांडले: नाव द्या आणि वापरा, व्यापारासाठी नको, बदल करू नका. दीक्षा या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावरचं बरंच साहित्य अशाच परवान्याखाली आहे. प्रत्येक साहित्यासोबत एक स्रोतपत्रक लावायचं ठरलं: चित्र कुणाचं, परवाना कोणता, कधी घेतलं.

एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, त्यापेक्षा मी हातानेच काढते ना.’ तिचं चित्र उत्तम आहे. कागदावर काळ्या पेनने काढून, दिवसाच्या उजेडात वरून सरळ फोटो काढून घेतला. गटातलं सगळ्यांत स्वच्छ चित्र आज तिचं होतं.

१६ डिसेंबर, सोमवार

आजची नोंद सविस्तर लिहायला हवी.

गणित पद्धतीच्या एक छात्राध्यापिका वयाने गटात सगळ्यांत मोठ्या आहेत. दोन मुलांची शाळा सांभाळून बी.एड. करतात. घटक त्यांनी निवडला होता भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज, सहावीच्या उजळणीसाठी. व्हिडिओ तयार करून आणला. निळं चकाकतं पार्श्वचित्र, कोपऱ्यात फुलपाखरं, मागे संगीत. पडद्यावर १/२ + १/३ आलं, मग ३/६ + २/६, मग ५/६. दोन मिनिटांत उदाहरण सुटलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

याच घटकावरचा त्यांचा गेल्या वर्षीचा सराव पाठ मी पाहिलेला आहे. त्यांनी मुलांना कागदाच्या पट्ट्या दुमडायला दिल्या होत्या. एका मुलाने अंशात अंश, छेदात छेद मिळवून २/५ असं उत्तर दिलं. त्याला चूक न म्हणता त्यांनी ते उत्तर फळ्यावर लिहिलं आणि वर्गाला विचारलं, ‘अर्ध्यापेक्षा २/५ मोठा की लहान?’ मुलं पट्ट्या शेजारी ठेवून बघू लागली. २/५ अर्ध्याहून लहान निघाला. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं, हे कसं काय? पुढचा सगळा पाठ मुलांनीच ओढून नेला होता.

‘तो मुलगा या व्हिडिओत कुठे आहे?’ मी विचारलं.

‘मॅडम, व्हिडिओत मुलगा कसा येणार?’

या प्रकल्पात विचारला गेलेला हा सगळ्यांत मोलाचा प्रश्न आहे. छात्राध्यापकांची अडचण इथे नेमकी दिसते. वर्गात ते मुलाच्या उत्तराकडे बघून पुढचं वाक्य ठरवतात. पडद्यासाठी लिहिताना समोर कुणीच नसतं, मग ते थेट उत्तराकडे जातात आणि रिकामी राहिलेली जागा फुलपाखरांनी भरतात.

दुपारी बसून संहिता नव्याने लिहिली. नेहमी दोन रकाने असतात: काय दिसतं, काय ऐकू येतं. आम्ही तिसरा आखला: मूल काय करतं. सुरुवातीलाच हाताने काढलेली एक मुलगी २/५ हे उत्तर देते. पडदा थांबतो. ‘हिचं बरोबर आहे का? वहीत लिहा.’ मग दोन पट्ट्या एकाखाली एक: अर्धी रंगवलेली, खाली २/५ रंगवलेली. कुणी काही सांगायचं नाही. त्यानंतर जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमधली सरकपट्टी. ती सरकवली की दोन्ही पट्ट्यांचे समान भाग दोन, तीन, चार असे वाढत जातात. चारवर अर्ध्याची रेघ जुळते, पण तृतीयांशाची नाही. सहावर दोन्ही रेघा एकदम जुळतात. सहा हा आकडा निवेदनात येणार नाही, तो मुलांनी शोधायचा.

तिसरा रकाना आता सगळ्यांना सक्तीचा केला. बऱ्याच जणांच्या संहितेत तो आज जवळजवळ रिकामा आहे. ‘मूल बघतं’, ‘मूल ऐकतं’ एवढंच पानभर. ते पान लिहिणाऱ्यालाच वाचून दाखवायला सांगितलं की आणखी काही बोलावं लागत नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

आवाज. वसतिगृहाच्या खोलीत रेकॉर्ड केलेल्या निवेदनात पंखा, कुकरची शिट्टी आणि शेजारच्या खोलीतलं हसणं. आज ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटांमध्ये बसून रेकॉर्डिंग केलं. पुस्तकं घुमारा शोषून घेतात. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला. उरलेली खरखर ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कमी केली.

काहींनी यंत्राचा आवाज वापरला होता. स्वच्छ असतो, पण ‘चमचा’, ‘जहाज’ मधले च आणि ज तो कधी एका तऱ्हेने म्हणतो, कधी दुसऱ्या. भाषेच्या पाठाला तो घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. लाजणाऱ्या छात्राध्यापिकेचा खरा आवाज मुलांना शंभरपट जवळचा वाटतो, हे तिला पटवायला थोडा वेळ लागला, पण तिने रेकॉर्ड केलं.

स्लाइडवर लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवायची सवय मोडायला हवी. चित्र आणि निवेदन एकत्र असताना तेच शब्द पडद्यावरही टाकले, तर शिकणाऱ्याचं लक्ष विभागतं, हे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या संशोधनातून पुढे आलं आहे. पडद्यावर फक्त नवी संज्ञा किंवा आकडा. बाकीचं आवाजात.

३० डिसेंबर, सोमवार

विज्ञानाच्या छात्राध्यापकाने प्रकाशाच्या अपवर्तनासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्र काढून घेतलं. काचेची चीप अगदी खरी वाटावी अशी, पण हवेतून काचेत शिरणारा किरण स्तंभिकेपासून, म्हणजे पृष्ठभागावरच्या लंबापासून, दूर वळलेला; तो तिच्याकडे वळायला हवा. दहावीच्या परीक्षेत असं काढलं तर गुण जातील. त्याने ते स्वतःच ओळखलं, याचा फार आनंद झाला. पर्याय म्हणून कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातलं, पडद्यावर हलवून बघता येणारं प्रतिरूप (सिम्युलेशन) दाखवलं. आपाती कोन बदलला की किरण डोळ्यांदेखत वळतो, आणि फाईल उतरवून घेतली की नेट लागत नाही.

७ जानेवारी २०२५, मंगळवार

सराव शाळेत पहिली तपासणी, मुलं घरी गेल्यावर. लोकसहभागातून आलेला टीव्ही मुख्याध्यापकांनी आनंदाने उघडून दिला.

पहिल्याच पेन ड्राइव्हवर ‘फॉरमॅट सपोर्ट होत नाही’. फोनवर उत्तम चालणारा व्हिडिओ. नवे फोन जागा वाचवण्यासाठी एच.२६५ पद्धतीने चित्रण करतात, जुन्या टीव्हीला ती वाचता येत नाही. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून एच.२६४ मध्ये बदलल्यावर सुरू झाला. पुढच्या चित्रणासाठी सगळ्यांच्या फोनमधली ती निवड तिथेच बदलून घेतली. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ दाबला जाऊन धूसर झाला होता; तो कागदपत्र म्हणून पाठवला की मूळ राहतो. शाळेच्या लॅपटॉपवर सादरीकरण उघडलं तर फॉन्ट बदलून ओळी एकमेकींवर चढलेल्या. सोबत पीडीएफ ठेवायची.

मग प्रत्येकाला शेवटच्या बाकावर बसवलं. पश्चिमेची खिडकी उघडी, पडद्यावर उजेड. कक्षात झकास दिसलेली फिकट पिवळी अक्षरं तिथून दिसेनात. नकाशातली जिल्ह्यांची नावं मुंगीएवढी. जो तो आपली वही काढून लिहायला लागला. मला एक शब्दही सांगावा लागला नाही. ही तपासणी पहिल्या आठवड्यात घ्यायला हवी, पुढच्या गटाच्या वेळापत्रकात तशी टाकते आहे.

१५ जानेवारी, बुधवार

क्यूआर कोडची सगळ्यांना हौस आहे, आणि का नसावी? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे बालभारतीच्या पुस्तकांत ते आले, २०१७ मध्ये दीक्षा सुरू झालं, २०२० मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. एका गावातल्या शिक्षकाने सुरू केलेली गोष्ट किती लांब जाते, हे छात्राध्यापकांनी आपलं मानावं असंच आहे.

पण आज तपासलेल्या कोडांपैकी बरेच ‘परवानगी मागा’ या पानावर जात होते. ड्राइव्हवरची फाईल खाजगी राहिलेली. कोड छापण्याआधी दुसऱ्याच्या, लॉगिन नसलेल्या फोनवर उघडून पाहायचा. महाविद्यालयाच्या खात्यावर साठवायचं, स्वतःच्या नाही. नाहीतर पदवी घेऊन मुलगी गावी गेली आणि जागा भरली म्हणून तिने फाईल पुसली, की कोड मेला.

चाचण्यांसाठी गूगल फॉर्म बहुतेकांनी केले होते. वर्गात मुलांकडे फोन नसतो. प्रश्न पडद्यावर ठेवून रंगीत कार्ड वर करायला लावणं ठरलं. शिक्षकाला सगळा वर्ग एका नजरेत दिसतो.

२३ जानेवारी, गुरुवार

अपूर्णांकांचा पाठ. मी मागे बसून पाहिला.

चित्रातल्या मुलीचं २/५ आलं आणि पडदा थांबला. अर्ध्या वर्गाने ‘बरोबर’ लिहिलं. दोन पट्ट्या एकाखाली एक आल्यावर कुजबुज वाढली. आणि वीज गेली.

छात्राध्यापिकांनी पिशवीतून कागदाच्या पट्ट्यांचा गठ्ठा काढला. संहितेच्या तिसऱ्या रकान्यात दुमडण्याची कृती होती, म्हणून त्या तयारीनेच आल्या होत्या. गट पडले, पट्ट्या दुमडल्या गेल्या. खिडकीजवळच्या गटातून आवाज आला, ‘बाई, सहा भाग केले की दोन्ही जमतात.’ मागून दुसरी मुलगी म्हणाली, ‘आमचे बारा केलेत, बारा पण चालतात.’ बाईंनी तिला फळ्याशी बोलावलं. तिने ६/१२ + ४/१२ = १०/१२ लिहिलं. मग १०/१२ आणि ५/६ या पट्ट्या शेजारी ठेवून सारख्याच निघतात का, हे वर्गाने तपासलं.

वीज आल्यावर फक्त सरकपट्टी दाखवली. ती आठवरच थांबत होती. ‘बारापर्यंत न्या ना,’ मुलं म्हणाली.

बाहेर आल्यावर त्या हिशेब मांडू लागल्या: व्हिडिओचा शेवटचा भाग लागलाच नाही, तो काढून टाकते, आणि सरकपट्टी बारापर्यंत वाढवते. मला वाटतं, ई-साहित्य म्हणजे काय हे त्यांना आता कुणी शिकवायची गरज नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बारावीची परीक्षा ११ पासून, दहावीची २१ पासून. शाळांना आता त्रास द्यायचा नाही, म्हणून सहकाऱ्यांसोबत गुणदानावर बैठक घेतली. चालू तक्त्यात सर्वाधिक गुण आकर्षकतेला आणि तांत्रिक सफाईला आहेत. त्या तक्त्याने मोजलं तर फुलपाखरांचा व्हिडिओ पहिला येतो. ज्याच्याकडे चांगला लॅपटॉप त्याला चांगले गुण, असंही होतं, आणि ते मला अजिबात मान्य नाही. मी मांडलेला तक्ता असा: संकल्पनेची अचूकता, मुलाच्या कृतीला दिलेली जागा, स्रोतपत्रक, आणि वर्गात वापरल्यानंतर केलेला बदल. शेवटच्या मुद्द्याला सर्वाधिक गुण. ‘वर्गात वापरलं की नाही हे तपासायचं कसं?’ असा आक्षेप आला. वर्गशिक्षकाची सही आणि जुनी-नवी अशा दोन्ही फाईली, असं सुचवलं. चर्चा अजून संपलेली नाही, पण तिसरा रकाना सगळ्यांनी मान्य केला.

३ मार्च, सोमवार

सगळं साहित्य शाळेच्या टीव्हीशेजारी ठेवायच्या पेन ड्राइव्हवर इयत्तेप्रमाणे लावलं. चालवायची फाईल आणि बदल करता येईल अशी मूळ फाईल, दोन्ही. शाळेतल्या गणिताच्या सरांनी अपूर्णांकांची सरकपट्टी मागून घेतली. त्यांना ती सातवीसाठीही हवी आहे.

नकाशाचं काम बाकी आहे. आठवीतल्या एका मुलाला लाल-हिरवा फरक कळत नाही, असं वर्गशिक्षकांनी सांगितलं, आणि आमच्या नकाशात नाशिक विभाग हिरवा, कोकण लाल आहे. उद्या भूगोलाचा गट रंगांच्या जोडीला तिरप्या रेघा आणि ठिपके भरणार आहे. ती फाईल गुरुवारी त्याच मुलाला दाखवून घ्यायची.